फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा (विंडोज ९८ आणि फोनलाइनवरच्या इंटरनेटच्या काळातलं पत्र)

संपादक महोदय, स. न.

इथे इंदूरला लोकमान्य नगर, सुदामा नगरकडे आता बऱ्याच घरांत कंप्युटर आलेत, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, त्यांच्या ईमेलसाठी आईबाबा फोनलाइनवर इंटरनेट लावतात आणि दर वेळी पासवर्ड विचारणारी खिडकी आडवी येते. मेकॅनिकला बोलावलं की तो सरळ फॉरमॅट मारतो, म्हणजे कंप्युटरमधलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो, पैसे घेतो, फोटो-पत्रं सगळं उडतं. हे थांबायला हवं हो, फार वाईट वाटतं.

मुळात पासवर्ड दोन असतात, एक विंडोजचा आणि एक इंटरनेट कंपनीचा, हे कुणी सांगतच नाही. विंडोज ९८ सुरू होतानाच जी खिडकी येते ती विंडोजची, तिचा इंटरनेट कंपनीशी काही संबंध नाही. पण बहुतेक लोक तिथे कॅन्सल दाबून पुढे जातात, आणि मग डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेट जोडायच्या खिडकीत 'सेव्ह पासवर्ड' फिकट पडतं, टिक होतच नाही, कारण पासवर्ड ज्या फाइलीत ठेवायचा ती उघडलेलीच नसते. तिथे नाव लिहून, पासवर्ड रिकामा ठेवून का होईना, ओके दाबा. तरी नाही झालं तर कंट्रोल पॅनलमधे नेटवर्कमधे जाऊन 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' आहे का बघा, नसेल तर टाका. तेही असेल तर विंडोजच्या फोल्डरमधे तुमच्या नावाची पीडब्ल्यूएल फाइल असते, ती बिघडलेली असू शकते, तिचं नाव बदलून परत सुरू करा, विंडोज नवीन बनवतं. एवढ्यासाठी फॉरमॅट कशाला?

मॉडेमची, म्हणजे कंप्युटर फोनलाइनला जोडणाऱ्या डबीची, किरकिर संपून 'व्हेरिफाइंग' येतं आणि पुन्हा पासवर्ड मागतो, ती गोष्ट वेगळी. तिथे नकार कंपनीच्या सर्व्हरचा असतो. आधी कॅप्स लॉक बघा, पासवर्डमधे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. मधेच लाइन कटली असेल तर सर्व्हरला तुम्ही अजून आतच आहात असं वाटतं, थोडा वेळ थांबून लावा. सारखं रिडायल करू नका, तिकडच्या मॉडेमने फोन उचलला की कॉल लागला, पासवर्ड नाकारला तरी बिलात येतो.

आणि इंटरनेट कंपन्यांना एक विनंती, पैसे भरून घेतलेले इंटरनेटचे तास संपले तरी एरर ६९१ (आत यायला नकार) आणि पासवर्ड चुकला तरी ६९१, माणसाने ओळखायचं कसं? तास संपत आले की ईमेलने नाहीतर फोनवर आधीच कळवा.

एक वाचक, इंदूर