नवे केसवर्कर, जुने निर्वासित

संपादक महोदय,
मी ओहायोत कोलंबसला राहतो, इथे निर्वासितांचं पुनर्वसन करणाऱ्या एका संस्थेत शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जायचो. 2023 मध्ये तिथे तीन नवे केसवर्कर, म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबांची कामं बघणारे, लागले, त्यातले दोघं भूतानी नेपाळी, म्हणजे भूतानमधून हाकललेल्या नेपाळी भाषिकांपैकी, स्वतःच नेपाळमधल्या बेलडांगी निर्वासित कॅम्पात वाढून इकडे आलेले. कुटुंबाचं घर, सोशल सिक्युरिटी कार्ड (नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर), पोरांची शाळा सगळं पहिल्या 90 दिवसांत मार्गी लावायचं असायचं आणि ट्रेनिंग म्हणाल तर दोन दिवस नुसत्या स्लाइड्स! पण बस चुकलेल्या आजोबांना फोनवर कसं समजवायचं ते ह्या दोघांना कोणी शिकवायला नको. नेपाळी कागद देवनागरीत, म्हणून मलाही वाचता यायचे, अर्थ निम्माच कळायचा ते सोडा. आपल्याकडे अशा कामाला माणूस घेताना आधी डिग्री बघतात, म्हणून लिहिलं.
– एक वाचक, कोलंबस