चि. ओजसला, ३७७ बद्दल

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी तू समलिंगी हक्कांचा विषय घेतलास, असं बाबांनी सांगितलं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

तुझा मित्र म्हणतो ना, हे बाहेरून आलेलं फॅड आहे? त्याला सांग, बाहेरून आलं ते कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घातलं, आणि दोन प्रौढांचे राजीखुशीचे संबंधही गुन्हा ठरले. शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत.

आपल्याकडे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे. घरात कुणाला विचारायची सोय नाही असे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे बिनदिक्कत छापून उत्तर देत. त्यात समलिंगी संबंधांचाही विषय आला, आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू कुणी मांडली, माहितीये? डॉ. आंबेडकरांनी! लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील होत नाही, असं त्यांचं म्हणणं. खटला हरले. दंड दोनशे रुपये. कर्व्यांसारख्या माणसाला तो परवडणारा नव्हता. तरी मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चाललं. भाषणात हे घेच.

पुढे १९९० मध्ये अशोक राव कवींनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात पिवळे टी-शर्ट घालून समलिंगींच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला. माणसं किती? पंधरा! आता मुंबई-पुण्यात निघणारी गर्दी बघितलीस की हा आकडा आठव.

कोर्टाची लढाई एड्सच्या कामातून पेटली. ३७७ मुळे लोक उपचाराला पुढे येईनात, म्हणून नाझ फाउंडेशननं २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २ जुलै २००९ ला, कोलकात्याच्या मोर्चानंतर बरोब्बर दहा वर्षांनी, ती जिंकली. निकाल देणाऱ्यांत आपल्या सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा होते. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. म्हणे, असे लोक अगदीच थोडे! हक्क काय डोकी मोजून द्यायचे असतात? मला अजून राग येतो.

लग्नाचा हक्क २०२३ मध्येही मिळाला नाही, समोरचा त्यावर बोलेलच. आणि सर्वोच्च न्यायालयानंच ३७७ मधून ही माणसं सोडवल्याची तारीख ६ सप्टेंबर २०१८ सांग. २००९ म्हणालास तर लगेच पकडतील.

तुझी,
आई