मंत्रिमहोदय, सोलापूरची रात्र मोजा

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयाला हात घालते. गेल्या आठवड्यात पहाटे माझ्या यजमानांना दम्याचा मोठा झटका आला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, वाफ दिली. आता ते घरी आहेत, पण जिना चढताना मध्येच कठडा धरून उभे राहतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. त्या रात्री आमच्या वसाहतीमागच्या ओढ्यात कचरा धुमसत होता. टायरचे तुकडे, प्लॅस्टिक, टॉवेलच्या कारखान्यांतली चिंधी, नारळाच्या करवंट्या, सगळं एकत्र.

गेल्या उन्हाळ्यात एका जबाबदार अधिकाऱ्यांनी भरसभेत आम्हाला शब्द दिला होता. ओढा मोकळा करू, राडारोडा पडू देणार नाही, कचरा पेटवणाऱ्याला दंड करू. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर तिथं 'कचरा टाकू नये' असा फलक उभा राहिला. आज त्या फलकाचे लोखंडी पाय गुडघाभर उंचीपर्यंत काजळीनं काळे झालेत, कारण कचरा त्याच्या बुडाशीच जळतो. शब्दाचं एवढंच झालं.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. वारा कसा वाहतो, माळ कसा तापतो, हे मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हणून आमच्या घरात धूर का साचतो हे मला कुणी समजावून सांगायला नको. ते आपल्याला समजावं म्हणून हे पत्र आहे.

आम्ही हद्दवाढ भागात राहतो. १९९२ साली आजूबाजूची गावं शहरात घेतली आणि सोलापूर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. कर शहराचा लागू झाला, सोयी अजून वाटेतच आहेत. आमची वसाहत दोन माळांच्या मधल्या खोलगटात आहे. प्लॉट स्वस्त मिळाले ते त्याचमुळं. खाली मुरूम आणि काळा कातळ. दिवसभर तो तापतो. मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा असतो, कोरडा, तोंड भाजणारा. वावटळी उठतात, डोळ्यांत धूळ जाते. पण वारा असतो. जमीन तापली की हवा वर चढते, दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळून निघते आणि धूर-धूळ पांगते. दुपारी आमच्याकडे यंत्र लावलंत तर आकडा बरा दिसेल.

दिवस मावळला की वारा पडतो. पान हलत नाही. आकाश निरभ्र असेल तर माळावरची जमीन उष्णता वर फेकून लवकर निवते, तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारानं हळूहळू ओढ्याकडं सरकते. वर ऊन हवा, खाली गार हवा. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी ती वरची हवा खालचं काहीच वर जाऊ देत नाही. मग ओढ्यात पेटवलेल्या कचऱ्याचा धूर जातो कुठं? आमच्या खिडक्यांत. पहाटे तो सगळ्यात दाट असतो. सकाळी उन्हं चांगली वर आली की झाकण उघडतं. तोवर माणूस दवाखान्यात पोचलेला असतो.

आणि आपलं खातं काय मोजतं? हवेचा निर्देशांक काढताना धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरतात. पहाटेचे ते चार तास दुपारच्या मोकळ्या वाऱ्यात मिसळले की आमचा दिवस 'मध्यम' ठरतो. महोदय, माणूस सरासरीनं श्वास घेत नाही. माझ्या नवऱ्याची छाती पहाटे चार वाजता बंद पडायला आली होती, त्याच वेळचा आकडा मला हवा आहे. तो कुठंच नाही, कारण आमच्या खोलगटात यंत्रच नाही.

तापमानाचंही तेच. उष्णतेची लाट जाहीर करायला सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, नाहीतर सरळ ४५. आता सोलापुरात मे महिन्यात ४० हे नेहमीचंच. म्हणजे ४४ अंशांत आमची लाही लाही झाली तरी नियमानं लाट नाही! जे गाव मुळातच तापलेलं, त्याला सवलत कमी, हा कुठला न्याय? रात्र 'उष्ण' ठरवायलाही आधी दिवसाचं तापमान ४० च्या वर जावं लागतं, मग रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढावं लागतं. दिवस ३९ वर थांबला तर आमची रात्र कितीही उकडली तरी कागदावर ती उष्ण नाही.

रात्र कशी जाते ते सांगते. खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर उकाडा. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो, भिंतीला हात लावला तर ऊनऊन लागते. कूलर आहे, पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ११७ टीएमसीचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, त्याच्या नावानं प्रत्येक निवडणूक लढवली जाते, आणि मी पिण्याचं पाणी राखायचं की कूलरमध्ये ओतायचं याचा हिशेब करत बसते. गच्चीवर झोपावं तर धूर तिथंही. त्यात लाईट गेली की यजमान पाठीशी दोन उशा घेऊन बसून राहतात, मी पुठ्ठ्यानं वारा घालते. त्यांना बोलवत नाही. मी त्यांच्या छातीचा आवाज ऐकत राहते. अशा किती रात्री काढल्या ते मला विचारू नका, मला रडू येतं.

माझ्या डोक्यावर निदान स्लॅब आहे. पलीकडच्या गल्लीत पत्र्याची घरं आहेत. तिथली एक बाई दिवसभर विड्या वळते, मांडीवर सूप, शेजारी झोळीत पोर. तंबाखू आणि पानं उडतात म्हणून तिला पंखासुद्धा जोरात लावता येत नाही. पूर्वभागात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडतात, तेव्हा शर्ट पिळला तर पाणी निघेल. ते घरी येऊन झोपणार कधी? सकाळी पत्रा पुन्हा तापायला लागतो. ज्यांच्या टॉवेल-चादरींवर सोलापूरचं नाव देशभर गेलं, त्यांच्या झोपेची नोंद शासनाच्या कोणत्या कागदावर आहे?

आता ओढ्याचं. हा ओढा म्हणजे नुसतं सांडपाणी नव्हे. माळावरची गार हवा याच वाटेनं खाली येते आणि याच वाटेनं पुढं निघून जाते. आमच्या खोलगटाला रात्री जो काही वारा मिळतो, तो या ओढ्याच्या वाटेनंच मिळतो. पूर्वी दोन्ही काठांना बाभळी आणि लिंब होते. रात्री अकरा-बारानंतर काठावर उभं राहिलं की पायांना गारवा लागायचा. मी वर्गातल्या मुलांना तिथं नेऊन तो दाखवलेला आहे. आता वरच्या अंगाला राडारोडा टाकून ओढा बुजवला, काठावर प्लॉट पाडले, आडवी सिमेंटची भिंत घातली. झाडं कुणाला विचारून तोडली हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. गार हवा भिंतीपाशी अडते आणि धूर आमच्याकडं तुंबतो. परवानगी कुणी दिली? नकाशावर ओढा होता की नव्हता? मी लेखी विचारलं, तेव्हा 'संबंधित विभागाकडे वर्ग' असा शिक्का मारलेला कागद हातात पडला.

जर्मनीतलं श्टुटगार्ट हे शहर असंच टेकड्यांमधल्या खोलगटात आहे. तिथं १९३८ पासून महापालिकेत हवामानतज्ज्ञ नेमलेला आहे. टेकड्यांवरची गार हवा शहरात कुठून उतरते याचे नकाशे केलेत, आणि त्या वाटांवरचं बांधकाम रोखता यावं म्हणून नगररचनेत त्यांचा आधार घेतात. हे ज्ञान नवं नाही, महागही नाही. सोलापूर २०१६ साली पहिल्या २० स्मार्ट शहरांत निवडलं गेलं. रस्ते उकरले, सिमेंट ओतलं, पेव्हर ब्लॉक बसवले. एवढा पैसा आला, त्यात वारा कुठून येतो हे पाहायला एक माणूस नेमता आला नाही?

शुद्ध हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सोलापूर आहे. २०१९ साली हा कार्यक्रम सुरू झाला. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची (पीएम १०) वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना सांगते १५. देशभरात या कार्यक्रमाचा ६४ टक्के खर्च रस्त्यावरची धूळ बसवण्यावर झाला. पाणी मारायचे टँकर, झाडू मारणाऱ्या गाड्या! जळणाऱ्या कचऱ्यावर आणि जळणावर किती? १४-१५ टक्के. जाड धूळ बरीचशी नाकात अडकते निदान; टायरचा धूर थेट छातीत उतरतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार दंड करा, असा हरित लवादाचा आदेश डिसेंबर २०१६ चा आहे. आमच्या ओढ्यावर दंडाची एक पावती फाडलेली मी पाहिलेली नाही. आणि पेटवणाऱ्या गरिबाला तरी काय बोलू? घंटागाडी वेळेवर येत नाही, आली तर आतल्या बोळापर्यंत येत नाही. कचरा उचलायचा ठेका ज्याला मिळतो त्याला कुणी जाब विचारत नाही; काडी ओढणारा तेवढा सापडतो.

मला राग याचाच येतो, महोदय. पूर आला की हेलिकॉप्टर फिरतात, पंचनामे होतात. उन्हानं माणूस मेला तर त्याच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. उष्णतेची लाट आपत्तींच्या यादीत घ्या, ही राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगानं मान्य केली नाही. थंडीची लाट मात्र त्या यादीत आहे. आमचा प्रदेश कोणता आणि तुमची यादी कुणासाठी? एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हात सरकारी सोहळा झाला आणि उष्माघातानं माणसं गेली. व्यासपीठावर मांडव होता, लोकांच्या डोक्यावर नव्हता. त्यातून शासन काही शिकलं असेल तर ते आमच्या ओढ्यापर्यंत पोचलेलं नाही. अहमदाबादनं २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा चालवला. आपल्याकडंही आराखडे निघतात, त्यांत दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका असं लिहिलेलं असतं. रात्री घरात काय करायचं, ते लिहा. ज्याचं घरच तापलेलं आहे त्यानं कुठं जायचं, तेही लिहा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. हद्दवाढ भागातल्या खोलगट वसाहतींत हवा मोजणारी यंत्रं बसवा आणि त्यांचे तासातासाचे आकडे मराठीत, चौकात लावा. सरासरी तुमच्याकडं ठेवा. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा गस्त ठेवा आणि कचरा पेटलेला दिसला की लगेच विझवा. ओढ्यातली ती भिंत आणि भराव यांची चौकशी करा, परवानगी देणाऱ्याचं नाव जाहीर करा, भिंत बेकायदा असेल तर पाडा. उष्णतेच्या आराखड्यात रात्रीचं तापमान घ्या, आणि पत्र्याच्या घरांसाठी वसाहतीतली शाळा, समाजमंदिर रात्री पंख्यांसह आणि पाण्यासह उघडी ठेवा. मी स्वतः किल्ली सांभाळायला तयार आहे.

आपण सोलापूरला येता तेव्हा सकाळी उशिरा येता आणि संध्याकाळी परतता, असाच मंत्र्यांचा शिरस्ता मी पाहत आले आहे. यावेळी मुक्काम करा. विश्रामगृहात नको, आमच्या गल्लीत. पहाटे चार वाजता मी आपल्याला ओढ्यावर घेऊन जाईन, चालत.

या पत्राचं उत्तर 'संबंधित विभागाकडे वर्ग' असं आलं तर मी ते परत पाठवीन. कोणतं काम, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं पावसाळ्याआधी कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
हद्दवाढ भाग, सोलापूर