बायकांचं नाटक दुपारी लावा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या बेळगावातल्या हौशी मंडळींचा दोन अंकी फार्स बघितला, भिशीच्या पाच बायकांवरचा, आणि खरं सांगते लई दिवसांनी इतकी पोट धरून हसले. पण प्रयोग रात्री साडेनऊचा. मागं वळून बघितलं तर सगळीकडं पुरुषच पुरुष, बायका थोड्या आणि त्यापण शहरातल्याच. नाटक बायकांवर आणि बायका घरात भांडी आवरायल्यात, हे मला काय पटलं नाही म्हणून हे पत्र.

नाटक कसं झालं ते सांगायलाच पाहिजे. भिशीचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवलेत आणि सासूबाई गावाहून न सांगता येऊन टपकल्यात. सून म्हणते, "आत्ती, त्या तांदळात किडे झालेत." सासू म्हणते, "मग सूप आण की, निवडून देतो," आणि खरंच स्टेजच्या मधोमध पाय पसरून बसते. आता पाचजणी पाच थापा मारून तो डबा तिच्या हातातनं काढायला बघतात, तीन दारं आहेत, एकातनं नवरा आत गेला की दुसऱ्यातनं शेजारीण बाहेर, जरा इकडं तिकडं झालं तर सगळं मुसळ केरात, पण एकीचीपण एंट्री चुकली नाही. दिवसभर नोकरी, घर करून रात्री तालमी केलेल्या बायका ह्या. आणि बोलणं सगळं आपलं, पुण्याचं उसनं काय नाही, दूधवाला कन्नडमधनं हिशोब मागतो आणि सासू त्याला मराठीतनं झापते.

इंटर्व्हलला एकजण म्हणत होते, बायकांना येड्यात काढलंय. मला तसं वाटलं नाही. फार्समध्ये सगळेच खोटं बोलतात आणि सगळेच अडकतात, नवरे तर जास्तच. नाटकातली बाई म्हणजे कायम सोसणारी नाहीतर रडणारीच का म्हणून? तिला फजितीपण करून घेऊ दे की. ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर, त्यांनी १८८० ला शाकुंतल आणलं तेव्हा स्टेजवरच्या बायकापण पुरुषच करायचे. १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा'मध्ये बायकांनी बायकांची कामं केली तर त्याची केवढी चर्चा झाली. स्टेजवर यायला इतकी वर्षं गेली, आता निदान समोरच्या खुर्चीत तरी येऊ द्या.

रात्री बारा साडेबाराला नाटक सुटल्यावर खानापूरकडच्या, उचगाव, कडोलीच्या बाईनं घरी जायचं कसं? बस नसते, रिक्षावाला म्हणेल ते भाडं, सकाळी पोरांचा डबा आहेच. नवरा आणेल तेव्हाच यायचं म्हटलं तर झालंच मग. त्यामुळं मंडळाला कळकळीची विनंती आहे, रविवारी दुपारी तीनचा एक तरी प्रयोग लावा. दुपारी बुकिंग होत नाही म्हणतात, पण महिला मंडळं, भिशीचे ग्रुप, स्त्रीशक्ती संघाच्या म्हणजे बचत गटाच्या बायका ह्यांना कोणी जाऊन विचारलंय का कधी? एकेका संघाच्या बायका मिळून टेम्पो करून येतील, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात तशा. फक्त भात लावणीच्या दिवसात नको, तेव्हा खानापूर भागातनं कोणीच यायची नाही.

दुसरं म्हणजे कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं होतात, तिथं मांडवात बायकांची गर्दी असतेच. भाषणं थोडी कमी करून दुपारच्या सत्रात ह्या फार्सचा एक अंक तरी बसवा. तीन दारांचा सेट मांडवात कसा उभा करायचा हे मंडळाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

दुपारची तारीख ठरली की पेपरात चार दिवस आधी छापा, आमच्या गल्लीतल्या तिकिटांचं मी बघते.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक, शहापूर, बेळगाव