पोट फुगलेली प्रत्येक मादी गाभण नसते

महोदय,

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जोडीला पिले झाली नाहीत, की नर बदलला जातो. आधी मादीची शेपूट उचलून योनिद्वार पाहावे. ते साधारण 24 ते 35 दिवसांच्या वयात उघडते. काही माद्यांत ते जन्मजात बंदच राहते. स्राव गर्भाशयात साठतो, पोट फुगते आणि मादी गाभण वाटते. गर्भकाळ 19 ते 21 दिवसांचाच, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरही पोट वाढत असेल तर वाट कसली पाहायची? काहींच्या योनीत उभा पडदा असतो, द्वार दुभागलेले दिसते. पडदा कापून पिले मिळू शकतात, पण ही प्रवृत्ती आनुवंशिक. पुढच्या पिढीत उतरू शकते. अशा मादीच्या आईबापांची जोडी मोडावी, भावंडेही पैदाशीतून वगळावीत.

— एक वाचक