कपाशीच्या पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पानावर नवीन पुस्तकांची ओळख येते ती मी नेमाने वाचतो, पण आज पुस्तकाच्या आतलं नाही, बाहेरचं बोलायचंय.

गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी मिळून गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या आठवणी आणि गाणी गोळा केली, अहिराणीतच छापली. प्रेसवाल्याने नेहमीसारखं आर्ट कार्डचं कव्हर करून वर चकचकीत लॅमिनेशन मारून दिलं, आणि आम्हीही काही बोललो नाही, कव्हर म्हणजे असंच असतं ना. पहिली प्रत मोठ्या मायला दिली, निम्मी गाणी तिचीच आहेत. तिला वाचता येत नाही, तिने नुसता कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाई ते लगननी पत्रिका शे." ते अजून टोचतंय मला, कारण तिच्यासाठी ते कव्हर म्हणजेच अख्खं पुस्तक होतं आणि तिथेच आम्ही कमी पडलो.

लॅमिनेशन म्हणजे प्लॅस्टिकची फिल्मच हो. जन्मभर कपाशीत राबलेल्या बाईच्या बोटांना कपाशीच्या पुस्तकात लागतं काय तर प्लॅस्टिक! सुकलेल्या बोंडाची टोकं बोटं कशी ओरबाडतात ते आत पानभर आहे आणि वरून बोट नुसतं घसरतंय. त्यात पावसाळ्यात सगळी कव्हरं वळली, कारण फिल्म एकाच बाजूला असते, आतल्या बाजूचा कागद दमट हवा पिऊन फुगतो आणि फिल्म काही त्याच्यासोबत ताणली जात नाही.

मग शोधाशोध केली. पुण्यात हातकागद संस्था 1940 पासून आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात, म्हणजे कापसाचाच कागद! लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो तसा हा पटकन पडत नाही. शिवाय मशीनच्या कागदात तंतू एकाच दिशेला असतात, ती दिशा न बघता कापला तर कव्हर नीट उघडत नाही, कण्याजवळ सुरकुत्या पडतात. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात म्हणून तो त्रास कमी. हां, खरखरीत असल्यामुळे त्याच्यावर बारीक फोटो उठत नाही, एका-दोन रंगात स्क्रीन प्रिंटिंग करावं लागतं, आणि हाताळून मळतो पण. मळू द्या की, वेचणीचं पुस्तक आहे. चेन्नईचं तारा बुक्स तर अख्खी पुस्तकं हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगने छापून हाताने शिवतं.

कुणाला हा शौक वाटेल, पण नाहीये. इटलीत 1927 साली फोर्तुनातो देपेरो नावाच्या चित्रकाराने आपलं पुस्तक अ‍ॅल्युमिनियमच्या दोन मोठ्या नट-बोल्टांनी बांधलं, कारण तो यंत्रयुगाचं कौतुक करणारा माणूस होता, त्याच्या पुस्तकाला बोल्टच शोभतो.

एक मात्र सांगतो, ग्रामीण विषय म्हटला की कव्हरला गोणपाट चिकटवायचं हे मला अजिबात पटत नाही. ताग खान्देशात कुठे पिकतो? आपल्याकडे रावेर-यावलकडे केळीचा घड कापला की खोड बांधावर फेकतात, त्याच्या धाग्याचाही कागद होतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मग केळीवरच्या पुस्तकाला केळीचाच कागद का नको? आणि सावकारीवर लिहिलं तर वहीखात्याचं लाल कापड आहेच की.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी स्टॉलवर पुस्तकं हातात घेत फिरलो होतो, डोळे मिटले असते तर कविता कुठली आणि शेतीचं पुस्तक कुठलं ते सांगता आलं नसतं, सगळी सारखीच गुळगुळीत.

आमची दुसरी आवृत्ती आता हातकागदात निघतेय, एका प्रतीमागे दोन कटिंग चहाचे पैसे वाढतील, ते आम्ही वर्गणीतून घालू. तुम्हाला एकच विनंती, पुस्तकाच्या ओळखीत पानं आणि किंमत छापता तशी कव्हर कशाचं आहे तीही एक ओळ छापत जा.

आपला,
एक वाचक, अमळनेर तालुका