फोर्टातल्या काकांना, त्या तीन गाठींच्या दोऱ्यासाठी

काका, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेरे दुरुस्त करत बसणारे काका, एवढंच पुरे. काल रात्री एक वाजेपर्यंत मी टाचणीचा, म्हणजे त्या चतुरासारख्या बारीक किड्याचा, एक फोटो स्क्रीनवर मोठा करून बघत बसले होते, दोन्ही डोळे शार्प, डोळ्यांवरचे ते बारीक पट्टे दिसतायत, आणि सारखं वाटत होतं की हे आधी तुम्हाला सांगायला हवं. सकाळी डबा भरून झाला आणि लगेच लिहायला बसले.

तुमच्याकडे आले तेव्हा मी किती वैतागलेली होते ते तुम्ही बघितलंत. भिशीचे पैसे लागले होते, त्यातून मी पहिली मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी जवळून मोठ्या काढायची लेन्स, घेतली होती. ४० एमएमची. दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथे मी स्पष्ट सांगितलं होतं की मला किडे, चतुर, फुलपाखरं काढायचीत, आणि समोरचा म्हणाला, मॅडम मॅक्रो म्हणजे मॅक्रो, सगळ्यात १:१ मिळतं, ही हलकी आहे, लेडीजना बरी पडते. बिल केलं, पिशवीत घातली, पुढचं गिऱ्हाईक. नंतर परत गेले तर म्हणे तुमची टेक्निक चुकतेय. फोटोग्राफीवाल्या ग्रुपमध्ये विचारलं तर एकाने लिहिलं, बाल्कनीतली फुलं काढायला किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबर येते ती, पुरते की. मी बाल्कनीतली फुलं म्हणलंच नव्हतं. पण बाई आहे, पन्नाशीची आहे, म्हणजे फुलंच काढणार असं ह्यांनी आपलं आपण ठरवलं. राग आला होता आणि खरं सांगते, त्याहून जास्त रडू आलं होतं कारण ते पैसे परत जमायला वर्ष जाणार होतं.

तुम्ही काय केलंत? तुम्ही बजेट विचारलं नाहीत. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलात आणि विचारलंत, "ताई, काय काढायचंय?" मी म्हणलं टाचणी, चतुर, उड्या मारणारे कोळी, आणि कढीपत्त्यावरच्या अळ्या. मग तुम्ही माझी लेन्स हातात घेऊन म्हणालात, लेन्स वाईट नाहीये, तुम्हाला चुकीच्या कामाला दिलीये. हे वाक्य ऐकून मला कसं वाटलं ते नाही सांगता येणार. इतके महिने मीच चुकतेय असं वाटत होतं.

आणि मग तो दोरा. ड्रॉवरमधनं शिवणाचा काळा दोरा काढलात, फूटपट्टीवर धरून तीन गाठी मारल्यात, चार सेंटीमीटर, दहा आणि पंधरा. म्हणालात, किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटला की झालं १:१, ते तुमच्या ४०मध्येपण मिळतं, १०५ एमएमच्या लेन्समध्येपण मिळतं, फरक एवढाच की तेव्हा तुम्ही किती लांब असता. पहिली गाठ तुमच्या ४०ची, दुसरी जुन्या ९०ची, तिसरी १०५ची. खोक्यावर सगळ्यात जवळचं फोकस १६ सेंटीमीटर लिहिलंय ना, ते लेन्सच्या टोकापासून नाही, आत सेन्सरपासून मोजतात, कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोल आणि त्यावर आडवी रेघ आहे ना तिथून. त्यातून बॉडी गेली, लेन्सची लांबी गेली, हातात राहिले चार. चार सेंटीमीटरवर लेन्सची सावलीच किड्यावर पडते, तो बसेल कशाला? मी तोंडात बोट घालून बघत होते, इतकं साधं आणि मला कोणीच सांगितलं नव्हतं.

दुकानात विकायला ठेवलेली एक सेकंडहँड १०५ समोरच्या काचेत होती, मी बघितली होती, पैसे पण मी थोडे घेऊन आले होते. तुम्ही ती दाखवली नाहीत. दोरा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "लेन्स आज घेऊ नका. कॅमेरा घरी ठेवा, नुसता दोरा घेऊन जा. तुमचे किडे तुम्हाला कुठल्या गाठीपर्यंत येऊ देतात ते बघा, मग या."

मी गेले. दोन रविवार धारावीच्या बाजूच्या महाराष्ट्र नेचर पार्कात, जिथे पूर्वी डंपिंग ग्राउंड होतं आणि आता एवढी झाडी आहे. हातात काडी, काडीला दोरा, बघणाऱ्यांना काय वाटलं असेल वाटू दे. आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. कढीपत्त्यावरची अळी, ती लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते ती, पहिल्या गाठीला पण हलत नाही, तिच्यासाठी माझी ४० उत्तमच आहे, म्हणून ती मी विकली नाही. उड्या मारणारा कोळी तर उलटा वळून आपल्याकडेच बघतो. पण टाचणी दुसऱ्या गाठीला उडायची, दर वेळी, आणि तिसरीला बसून राहायची. पाच सेंटीमीटरचा प्रश्न होता हो सगळा! आणि मी माझ्या हातांना दोष देत होते.

मग तिसऱ्या सोमवारी आले तेव्हा तुम्ही ती १०५ काढलीत, तेव्हा पण म्हणालात की पाऊण किलोच्या आसपास आहे, मनगट दुखेल, आणि इतक्या जवळून व्हीआरचा, म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेणाऱ्या सोयीचा, फारसा उपयोग नाही, त्याचे पैसे देताय असं समजू नका. कोण सांगतं असं विकताना? फोकस हाताने लावून ठेवा आणि स्वतः पुढेमागे व्हा, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम मिलिमीटरभर शार्प राहतं, हे पण तुम्हीच शिकवलंत. बाकी व्यवहार काय, तो कुठेही होतो.

माझ्या लहानपणी आमच्या लालबागला एक किराणावाले होते, आई तूप मागायची तर म्हणायचे वहिनी आज नको, उद्या ताजं येतंय. ब्लाउजपीस कमी पडत असेल तर शिंपी कात्री लावायच्या आधी सांगायचा. मला वाटायला लागलं होतं की ती माणसं त्या काळाबरोबर गेली, हल्ली सगळे आपलं टार्गेट बघतात. तसं नाहीये. जिना चढून विचारावं लागतं एवढंच. एखाद्याला माल न देता परत पाठवायला किती धीर लागत असेल, त्यात तुमच्याकडे त्या दिवशी दुपारपर्यंत दुसरं कोणी आलंही नव्हतं, हे मी बघितलं होतं काका.

टाचणीची प्रिंट काढायला टाकलीये, गुरुवारी मिळेल. ती घेऊन येते, तुमच्या त्या टेबलाच्या वरच्या भिंतीला लावा, आणि चहा मी सांगणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

दोरा कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाच बांधलाय. गेल्या आठवड्यात त्याला चौथी गाठ मी मारली, वीस सेंटीमीटरवर. चतुरासाठी. तो पंधरावर थांबत नाही, वीसला थांबतो, जरा लहान येतो फ्रेममध्ये पण येतो. ती गाठ बरोबर जागी बसलीये का ते तुमच्या फूटपट्टीवर बघून द्या.

तुमची,
कांजूरमार्गची ताई